आधी माझा गुडघा दुखत होता

आमच्या घरात गुडघेदुखी गेल्या हिवाळ्यात आली, ऊसतोड चालू असताना, असं माझा मुलगा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो. खोटं आहे ते. ती त्याच्या किती तरी वर्षं आधी आलेली होती. फक्त ती माझ्या गुडघ्यात आली होती, आणि माझ्या गुडघ्यात आलेली गोष्ट घरात आली असं आमच्याकडे कुणी धरत नाही.

मी श्रीरामपूरजवळच्या बेलापुरात अंगणवाडी सेविका. माझी सगळी नोकरी जमिनीवर गेली. मुलं सतरंजीवर, म्हणून बाईही सतरंजीवर. एकाचं नाक पुसायला उठा, दुसऱ्याला मोरीकडे न्यायला उठा, तिसरं दाराबाहेर पळालं म्हणून उठा, आणि परत येऊन मांडी घाला. तिथे जाण्याआधी घरचा स्वयंपाक आणि म्हशींचं शेणपाणी. तिथून आल्यावर भांडी आणि फरशी. घर बांधलं तेव्हा नवऱ्याने हौसेने एवढ्या मोठ्या हॉलला पांढरीशुभ्र फरशी बसवली. ती पुसायची मी. उकिडवं बसून, ओलं फडकं घेऊन, मागे मागे सरकत. पाहुणे म्हणायचे, काय चकाचक घर आहे, आणि नवरा मिशीतल्या मिशीत हसायचा, जसं काही त्यानेच पुसलंय.

तोंडावर मी नवऱ्याला अहोजाहोच करते. इथे लिहिताना जमत नाही. जमेल तसं लिहिते.

सुरुवातीला नुसता आवाज यायचा. उठताना उजव्या गुडघ्यात कुणी वाळू चावतंय असं वाटायचं. मग सकाळी पाय सरळ व्हायला वेळ लागायला लागला. मग जिना. चढताना एवढं नाही, पण उतरताना गुडघा आत्ता दगा देईल अशी धास्ती. गच्चीवर वाळवण घालून आले की मी कठड्याला धरून, आडवी आडवी, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत उतरायचे. घरातल्या सगळ्यांनी ते बघितलंय. माझी नात माझी नक्कल करायची. "आजी खेकड्यासारखी उतरते," म्हणायची, आणि सगळे हसायचे. पोर लहान आहे, तिला काय कळतंय. बाकीचे लहान नव्हते.

मी सांगितलं नव्हतं असं नाही. नवऱ्याला सांगितलं. तो पेपरातून वर न बघता म्हणाला, "वय झालं आता. गाडी जुनी झाली की वाजतीच."

वयाने तो माझ्याहून मोठा. आणि गाडीचंच म्हणाल, तर आमचा ट्रॅक्टर जरा वाजला की त्याच दिवशी मिस्त्री येतो. त्याला चहा होतो, वर पोहे होतात, आणि ट्रॅक्टर बरा होईस्तोवर घरात कुणी मोठ्याने बोलत नाही.

जावेने निर्गुडीचा पाला गरम करून बांधायला सांगितला. मी बांधला. मुलाने कसलंसं तेल आणलं, वासाने म्हशी बुजायच्या. गावातल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. गोळी घेतली की दिवस निघायचा. दुखणं गप्प झालं की मी पुन्हा फरशीवर बसायचे, अंगणवाडीत पोरं उचलायचे, आणि संध्याकाळी गोळीचा जोर उतरला की दुखणं दुप्पट होऊन उभं राहायचं. पुढे त्या गोळ्यांनी पोटात जळजळ व्हायला लागली, तेव्हा डॉक्टरांनी जळजळीची गोळी वाढवली. "किती बसता-उठता? काय काम करता?" हे एकदाही विचारलं नाही.

असं चाललं होतं. मग गेल्या हिवाळ्यात नवरा ट्रॅक्टरवरून उतरताना उसाच्या फडात पाय मुरगळून पडला.

गुडघा सुजला, हे खरं. मी नाही म्हणत नाही. पण त्या दिवशी आमच्या घरात जी धावपळ उडाली, ती मी माझ्या बाळंतपणातसुद्धा पाहिली नव्हती. ट्रॅक्टर बांधावर तसाच. मुलाने गाडी काढली. दुसऱ्या दिवशी उजाडताच आम्ही राहुरीवरून नगरला, सावेडीतल्या हाडांच्या एका दवाखान्यात. नवरा मागच्या सीटवर पाय लांब करून बसला होता आणि मी उरलेल्या जागेत अंग चोरून. माझा गुडघा गाडीत दुमडलेलाच होता. नगर येईपर्यंत त्याचं लाकूड झालं.

एक्स-रे काढला. डॉक्टरांनी तो दिव्यावर धरला आणि सांगितलं, "मुरगळलंय ते उतरेल थोड्या दिवसांत. पण दोन्ही गुडघ्यांत झीज सुरू झालीय. ऑपरेशनची आत्ता काही गरज नाही. वजन कमी करा आणि फिजिओथेरपी लावा. मांडीचे स्नायू ताकदवान झाले की गुडघ्यावरचा भार ते घेतात. औषधापेक्षा त्याचा उपयोग जास्त."

हे ऐकून मी पुढे झाले. म्हटलं, एवढे लांब आलोत, डॉक्टर समोर आहेत. "डॉक्टरसाहेब, माझाही उजवा गुडघा बरीच वर्षं..."

मुलाने माझ्या दंडाला धरलं. "आई, आज नानांचं बघू. तुझं नंतर."

डॉक्टर हसले. चांगल्या माणसाचं हसू होतं ते. "मावशी, तुम्ही पुढच्या वेळी," म्हणाले, आणि बेल वाजवून पुढचा पेशंट आत घेतला.

मी बाहेर येऊन बाकावर बसले आणि पदराने तोंड पुसलं. रडत नव्हते. तोंड तापलं होतं.

दोन दिवसांत घराचं रूप पालटलं. संडासात कमोडची खुर्ची आली. माझा नवरा त्या खुर्चीवर राजासारखा बसायला लागला. मी जिथे कित्येक वर्षं भिंतीला आणि नळाला धरून उठत होते, तिथे त्या नळाचा एकदा तुकडा माझ्या हातात आला होता, तेव्हा सगळे म्हणाले होते, "जरा जपून उठावं." पलंगाखाली लाकडाचे ठोकळे घालून तो उंच केला. जेवायला टेबल आलं. आणि श्रीरामपूरहून फिजिओथेरपीची एक मुलगी एक दिवसाआड स्कूटीवरून घरी यायला लागली. नवरा तिला मॅडम म्हणायचा, म्हणून सगळेच मॅडम म्हणायला लागलो. माझ्या मुलीच्या वयाची, केस घट्ट बांधलेली, बोलायला चटपटीत.

मॅडम आल्या की मी हाताशी. टॉवेलची गुंडाळी करून द्या. शेकाची पिशवी गरम करून द्या. काका पाय उचलतील तेव्हा आकडे मोजा. घोट्याला बांधायला वजन हवं होतं, तर मी मुलाच्या जुन्या जीन्सच्या पायाची पिशवी शिवली, त्यात प्रवरेच्या पात्रातली वाळू चाळून भरली आणि टोकांना नाड्या लावल्या. मॅडम म्हणाल्या, "काकू, काय मस्त केलंय!" त्या नाड्या माझ्या नवऱ्याच्या घोट्याला मीच बांधायचे. खाली बसून.

व्यायाम काही अवघड नव्हते. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची आणि गुडघा खाली दाबून धरायचा, मांडी घट्ट होईपर्यंत. पाय सरळ ठेवून वर उचलायचा, हवेत धरायचा, हळू खाली आणायचा. कुशीवर वळून वरचा पाय उचलायचा. खुर्चीतून हाताचा आधार न घेता उठायचं आणि हळू बसायचं. नवऱ्याला ते कंटाळवाणं वाटायचं. "मॅडम, ते करंटचं मशीन लावा की. त्यानं लई बरं वाटतं."

"काका, मशीनने बरं वाटेल, पण पाय मजबूत होणार नाही. तो तुम्हालाच करायचाय."

"बरं, बरं. मोज गं," नवरा मला म्हणायचा, आणि सातवर पाय खाली टाकायचा. मी दहा म्हणायचे. मॅडम माझ्याकडे बघून हसायच्या. त्यांना वाटायचं, काकू लाडाने करतात. मला ते लवकर संपवून म्हशींकडे जायचं असायचं.

मी ते सगळे व्यायाम पाठ केले. दुसऱ्याचे आकडे मोजता मोजता शिकले. आणि एका दुपारी अंगणवाडीतून आल्यावर आमच्या खोलीचं दार लोटून, त्या उंच केलेल्या पलंगावर पडून मी स्वतःचा पाय उचलला. मांडी थरथर कापली. नवरा जे सात-आठ वेळा करायचा, ते मला तीनदा जमेना. मी छताकडे बघत पडले होते. मला आठवेना की मी दिवसाउजेडी आडवी झाले त्याला किती काळ लोटलाय.

तेवढ्यात सून दार वाजवायला लागली. "आई, बरं नाही का?"

"बरंय. व्यायाम करतेय."

"हां. गिरणीत दळण टाकायचं होतं, म्हणून."

दुसऱ्या दिवशी शेजारीण खिडकीतून डोकावली. "काय गं, दुपारची लोळतीस? मजा हाय बाई तुमची." तिसऱ्या दिवशी नवरा स्वतः आला, मला बघून दारातच थांबला, म्हणाला, "तू कशाला करतीस? तुझं चालतंय की सगळं." आणि चार्जर घेऊन गेला. मी पाय खाली ठेवला आणि पाच-दहा मिनिटं तशीच पडून राहिले. पुढचं जे झालं त्याची सुरुवात तिथे झाली, असं मला वाटतं.

नंतर एकदा मॅडम यायच्या वेळेला नवरा घरात नव्हता. सोसायटीच्या निवडणुकीची बैठक होती, तिकडे गेला होता. पाय दुखतो म्हणून पाण्याचा तांब्या हातात द्यावा लागणारा माणूस बैठकीला मोटारसायकलवर गेला होता. मॅडम दारात उभ्या राहिल्या. "काका नाहीत? मग मी निघते, काकू."

"निघू नका," मी म्हटलं. "आत या. आज माझा गुडघा बघा."

मी पलंगावर चढले आणि लुगडं गुडघ्यापर्यंत वर घेतलं. मॅडमनी हातातली पिशवी खाली ठेवली. गुडघ्याच्या वाटीवर तळहात ठेवून पाय दुमडला, सरळ केला, परत दुमडला. चेहऱ्यावरचं हसू गेलं. मग टेप काढून दोन्ही मांड्यांना लावली. उजवी मांडी डावीपेक्षा चांगलीच बारीक निघाली. मला ते कधी दिसलं नव्हतं. आपण आपल्या मांड्या बघतो कधी?

"काकू, तुमचा गुडघा काकांपेक्षा वाईट आहे. कधीपासून दुखतोय?"

"नात झाली त्याच्याही आधीपासून. आता ती शाळेत जाते."

त्यांनी टेप गुंडाळून ठेवली. मग म्हणाल्या, "तुम्ही चहा घेऊन यायचात तेव्हा उंबरा ओलांडताना पाय टाकायची पद्धत दिसायची मला. वाटायचं, विचारावं."

"दिसत होतं?"

"हो."

"मग विचारलं का नाही?"

"मला काकांसाठी बोलावलं होतं ना."

मला त्या मुलीचा राग आला. ती खरं बोलत होती, म्हणून जास्त आला. म्हटलं, "बाई, तुम्ही शिकलेल्या. गुडघा हे तुमचं शिक्षण. लंगडणारी बाई तुमच्या पुढ्यात वाकून दुसऱ्याच्या पायाला नाड्या बांधते आणि तुम्ही म्हणता, काय मस्त केलंय?"

तिचे डोळे भरले. "चुकलं माझं, काकू," म्हणाली. मी तिची समजूत घातली नाही. दर वेळी आपणच समजूत घालायची, हेही मी त्या दिवशी बंद केलं. म्हटलं, "आता सांगा काय करायचं ते."

ती सांगत होती आणि मी करत होते, तेवढ्यात बाहेर मोटारसायकल थांबली. नवरा आत आला. त्याच्या पलंगावर मी, माझ्या पायाला त्याची वाळूची पिशवी.

"हे काय चाललंय?"

"व्यायाम."

"आगं पण मॅडम माझ्यासाठी येतात."

"तुम्ही नव्हता."

"म्हणून काय? तुला काय झालंय?"

मॅडमच बोलल्या. "काका, काकूंचा गुडघा तुमच्यापेक्षा जास्त झिजलाय."

नवरा हसला. "न्हाई वो मॅडम. ती दिवसभर पळत असती."

"पळत नाही," मी म्हटलं. "ओढत असते. तुम्ही कधी माझ्याकडे बघितलं असतं तर दिसलं असतं. तुमचा पाय सुजला, तर ट्रॅक्टर बांधावर टाकून सगळे नगरला धावले. मी किती वर्षं सांगतेय? मला सांगितलं, गाडी जुनी झाली. तुमची गाडी नवी आहे का? तुम्हाला कमोड आला, टेबल आलं, पलंग उंच झाला. मी त्या संडासात नळ तोडला तेव्हा नळ नवा बसवला तुम्ही. नुसता नळ!"

"आवाज खाली कर. मॅडम हायेत."

"त्या आहेत म्हणूनच बोलतेय. एकटीने बोलले तर तुम्ही पेपर वाचता."

तो दारात तसाच उभा. मग त्याने खुंटीवरची टोपी काढली, डोक्यावर घातली, पुन्हा काढली आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसला. त्या संध्याकाळी तो जेवला नाही. मी आग्रह केला नाही. माझी पोळी मी टेबलावर बसून खाल्ली, त्याच्याच खुर्चीत.

मुलगा शेतावरून आला तेव्हा त्याच्या कानावर सगळं गेलं होतं. मध्यस्थी करायला आला. "आई, तू मनाला लावून घेऊ नकोस. नानांचं काय, त्यांना व्यायाम नसतो, म्हणून मॅडम लावल्यात. तुझा तर दिवसभर व्यायाम होतोच."

हे वाक्य मी आयुष्यभर ऐकत आलेय. तो माझा मुलगा. त्याला मीच वाढवलं, मीच जेवू घातलं, तरी त्याच्या तोंडून ते आलं तेव्हा मला वाटलं, हातातलं ताट आपटावं. म्हटलं, "काम म्हणजे व्यायाम असता ना, तर खुरपणाऱ्या सगळ्या बाया पैलवान झाल्या असत्या. बघ जा त्यांच्याकडे. निम्म्या वाकून चालतात."

तो मोरीकडे हात धुवायला गेला. पण मॅडम पुढेही नानांसाठीच येणार, हेच त्याच्या डोक्यात होतं. म्हणून मीच ठरवलं. अंगणवाडी सुटली की मी सीटा भरल्या की सुटणाऱ्या वडाप रिक्षाने श्रीरामपूरला त्यांच्या दवाखान्यात जायला लागले.

दवाखाना पहिल्या मजल्यावर. गुडघ्याच्या दवाखान्याला जिना! पहिल्या दिवशी मी खाली उभी राहून त्या पायऱ्यांकडे बघितलं आणि शिवी तोंडात आली. वर पोचल्यावर मॅडमना म्हटलं, "हा जिना चढून जी येते तिला तुमची गरजच काय?" त्या कानकोंड्या झाल्या. "खालचा गाळा मिळाला नाही, काकू." मग उतरताना त्यांनी मला उतरायचं शिकवलं. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी, कठडा सोडायचा नाही. मी इतकी वर्षं खेकड्यासारखी उतरत होते, आणि एवढी साधी गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती.

तिथे दुपारच्या वेळी बायाच असायच्या. कुणी वांबोरीकडची, कुणी जवळच्या वाडीवरची. एकीचा नमाज आता खुर्चीवर. ती म्हणाली, "सजद्याला कपाळ जमिनीला टेकत नाही, ह्याचं फार वाटतं." दुसरी माझ्याएवढीच, रोजाने खुरपायला जाणारी. तिला मॅडम म्हणाल्या, "मावशी, उकिडवं बसणं बंद करा बघू."

"आन् खुरपू कशी वो मॅडम? शेतात खुर्ची नेऊ?"

सगळ्या हसल्या. मला हसू आलं नाही. मी मॅडमना म्हटलं, "खाली बसू नका, हे आम्हाला नका सांगू. शेताला सांगा. फरशीला सांगा." मॅडमनी मग त्या बाईला लाकडाचा बुटका पाट वापरायला सांगितला, ओळ झाली की उठून उभं राहायचं आणि पाय ताणायचे असं दाखवलं. तेवढंच त्यांच्या हातात होतं. ती बाई नंतर दोनदा आली आणि मग आली नाही. कांदा काढणी सुरू झाली होती.

एक मात्र सांगते. त्या मुलीने मला खोटी आशा दाखवली नाही. "काकू, गुडघ्यातली झिजलेली गादी परत येत नाही. पण मांडी मजबूत झाली तर दुखणं कमी होतं, चालणं सुधारतं. पुढे ऑपरेशन लागेलही, कदाचित नाहीही लागणार. पण व्यायाम सुटला की महिन्याभरात पुन्हा पहिल्यासारखं. हे आता दात घासण्यासारखं धरायचं." दुखायला लागलं की किती दुखेपर्यंत करायचं आणि कुठे थांबायचं, हेही शिकवलं. सुरुवातीचे आठवडे मी रागानेच केले. पाय उचलायचे तेव्हा डोळ्यांपुढे सावेडीतली ती बेल यायची, मुलाचा हात यायचा. वाळूची पिशवी मी दुसरी शिवली, माझी स्वतःची, जरा जड.

उन्हाळा लागता लागता फरक पडला. सकाळी पाय लवकर मोकळा व्हायला लागला. गोळी रोजची होती ती कधीतरीची झाली. अंगणवाडीत मी खुर्ची घेतली. मदतनीस म्हणाली, "ताई, वरून कुणी आलं तर म्हणतील, बाई खुर्चीवर बसून राहते." म्हटलं, "म्हणू दे. त्यांना खाली बसवते मग." मुलांना खुर्चीचं काही वाटलं नाही. ती येऊन माझ्या मांडीला टेकून उभी राहतात. गोष्ट तशीच ऐकतात.

नवऱ्याचं म्हणाल, तर सूज उतरली तशी त्याने फिजिओथेरपी सोडून दिली. पावसाळ्याच्या तोंडाला गुडघा पुन्हा सुजला. मग मला म्हणाला, "जरा मोजायला ये की."

"आकडे तुम्हाला येतात," मी म्हटलं.

त्याला ते लागलं. पण तो मोजतो आता, पुटपुटत, सातनंतर आठ सोडून दहा म्हणतो. मी शेजारच्या खोलीतून ऐकते आणि दुरुस्त करत नाही. गुडघा त्याचा आहे.

घरात एक गोष्ट मी स्पष्ट केली होती की इथून पुढे खाली बसून फरशी पुसणार नाही. कुणी वाद घातला नाही. फरशी रोज चकचकीत दिसत होती, आणि मला वाटलं, झालं, सुटला हा प्रश्न. मग एका रविवारी मी म्हशींकडून लवकर घरात आले. सून हॉलमध्ये उकिडवी बसून, ओलं फडकं घेऊन, मागे मागे सरकत होती. श्रीरामपूरला सकाळच्या शाळेत शिकवायला जाते ती, आठवडाभर फळ्यासमोर उभी. सोफ्यावर माझा मुलगा मोबाईल बघत पाय वर घेऊन बसला होता, तिला पुसता यावं म्हणून. पाय वर घेतले होते त्याने! तेवढी मदत.

माझा गुडघा सुटला तो असा सुटला होता. काम हललं नव्हतं. ते फक्त माझ्या गुडघ्यावरून तिच्या गुडघ्यावर गेलं होतं.

मी सुनेला म्हटलं, "ऊठ." मुलाला म्हटलं, "तू पण ऊठ."

दुसऱ्या दिवशी मी बाजारातून लांब दांड्याचं पुसणं आणलं आणि त्याच्या हातात दिलं. तो हसायला लागला. "मी? आई, बाहेरून कुणी बघितलं तर?"

"बघू दे. दार उघडं ठेवूनच पूस."

"नाना काय म्हणतील?"

"नानांचा पाय दुखतो. तुझा नाही."

त्याने पुसली. तोंड पाडून पुसली, पण पुसली. आता रविवारी तो पुसतो, आणि मधल्या दिवसांत मी किंवा सून दांड्यानेच, उभ्याने पुसतो. नवरा ओट्यावरून शेजाऱ्यांना म्हणतो, "आमच्याकडं आता बायकांचं राज्य हाय." राज्य म्हणे.

माझा गुडघा पूर्ण बरा झालेला नाही. होणारही नाही. गच्चीवरून उतरताना अजून कठडा लागतो, थंडीत कुरकुरतो, लग्नात पंगतीला बसता येत नाही. मॅडम म्हणतात, "काकू, व्यायाम छान चाललाय, पण चिडचिड जरा कमी करा, बीपी वाढेल." मी त्यांना म्हटलं, व्यायाम सांगा, ते करीन. बाकीचं राहू दे.

परवा मुलाने पुसलं आणि नेहमीप्रमाणे टीव्हीखालचा कोपरा सोडला. सून गेली, फडकं भिजवलं आणि बसली खाली. "राहू द्या आई," मला म्हणाली, "दोन मिनिटांचं काम आहे."

मी तिच्या हातातून फडकं ओढलं आणि दारातून बाहेर अंगणात भिरकावलं. ते जाऊन नवऱ्याच्या मोटारसायकलवर पडलं. तो ओरडला, "काय झालं गं?" सून उठली. कोपरा तसाच राहिला, अजूनही तसाच आहे, आणि मुलाने तो पुसेपर्यंत तसाच राहणार आहे.